पाचट जाळणं वाईट की ओला कचरा कुजवणं? आशियाचा हिशेब

सांगली जिल्ह्यातल्या एका ऊस उत्पादकाचा प्रश्न आहे (पाचट म्हणजे तोडणीनंतर शेतात उरणारा उसाचा वाळका पाला, खोडवा म्हणजे बुडख्यांपासून पुन्हा येणारं पीक): "खोडव्याआधी पाचट पेटवलं की शहरातली माणसं आमच्याकडे बोट दाखवतात. पंजाबातल्या पेंढ्याचं दरवर्षी तेच. पण शहरातलं उष्टं-खरकटं, मंडईतला नासका भाजीपाला डेपोवर जातो त्याचं काय? अख्ख्या आशियाचा विचार केला तर हवामानाला जास्त नडतंय कोण? आणि जाळायचं नाही, कुजवायचं, हे तरी सरसकट बरोबर आहे का?"

शेवटच्या वाक्यासाठी मी तुम्हाला मनापासून धन्यवाद देतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. ओला कचरा, शेण, प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ), पेंढा हे कुजवण्याचं काम मी सव्वीस वर्षं करतो आहे, आणि एवढ्या वर्षांत कळलेली गोष्ट एका ओळीत सांगता येते: हवा न लागता ओलं कुजणं हे सगळ्यांत वाईट. मग ते मुंबईच्या डेपोत असो की व्हिएतनामच्या भातखाचरात. तुमचं पाचट जाळणं चुकीचंच आहे, पण त्याची कारणं वेगळी आहेत. ती पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पाचट पेटलं की जो कार्बन डायऑक्साइड वर जातो, तो उसाने वर्ष-सव्वा वर्षात हवेतूनच ओढून घेतलेला असतो. जाळला काय, कुजवला काय, तो पुन्हा हवेत जाणारच, आणि पुढचा ऊस तो परत ओढणार. म्हणून देशाच्या उत्सर्जनाच्या खातेवहीत पेंढ्या-पाचटाचा कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत. धरतात ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या मापाने एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो, आणि वीस वर्षांच्या मापाने ८० किलोइतकं. नायट्रस ऑक्साइडचा आकडा २७३ आहे. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. म्हणजे त्याने होणारं नुकसान आपल्याच डोळ्यांसमोर होतं, आणि तो थांबवला तर फायदाही आपल्याच हयातीत दिसतो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी जवळपास पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाण्यातून येतो, तर एकट्या भातशेतीतून सुमारे ८ टक्के. जगातला ९० टक्के भात आशियात पिकतो, तेव्हा ही दुसरी रक्कम जवळजवळ पूर्णपणे आपल्याच खंडाच्या नावावर आहे.

आता हिशेब करू. आयपीसीने, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने, देशांना हिशेबासाठी जे गुणक दिले आहेत तेच मी वापरतो आहे. कागद-पेन घेतलंत तर तुम्हालाही पडताळता येईल.

एक टन अन्नाचा ओला कचरा घ्या. त्यात पाणीच फार, त्यामुळे कुजण्याजोगा कार्बन साधारण १५० किलो. त्यातला निम्मा, ७५ किलो, प्रत्यक्षात कुजतो. पाच मीटरपेक्षा खोल ढिगात ८० टक्के भागाला हवा लागत नाही, म्हणजे ६० किलो. या बिनहवेच्या कुजण्यातून निघणाऱ्या गॅसमध्ये निम्मा मिथेन असतो. म्हणून ३० किलो कार्बन मिथेनच्या रूपात बाहेर पडतो, आणि मिथेनचं वजन धरलं तर ते होतं ४० किलो. चाळीस गुणिले अठ्ठावीस: अकराशे वीस किलो. म्हणजे डेपोत टाकलेला एक टन ओला कचरा एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो.

तोच टनभर कचरा नीट हवेशीर कंपोस्ट केला, तर मिथेन ४ किलोच्या आसपास निघतो आणि पाव किलोच्या आत नायट्रस ऑक्साइड. मिळून पावणेदोनशे किलोचा भार. बंद टाकीत बायोगॅस केला आणि गॅस वापरला, तर गळती एक किलोच्या आसपास धरतात.

आता एक टन वाळलेलं पाचट किंवा पेंढा पेटवा. मिथेन २.७ किलो, नायट्रस ऑक्साइड ०.०७ किलो. दोन्ही मिळून ९५ किलोचा भार. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, म्हणजे हेक्टरभर फड पेटवला तर आठशे-नऊशे किलो. घरटी पाऊण-एक किलो ओला कचरा धरला, तर हजार-बाराशे घरांचा एका दिवसाचा ओला कचरा डेपोवर गेला की तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच, नुकसान होतं. हजार घरं म्हणजे एक मोठी सोसायटी. आणि त्यांची घंटागाडी रोज जाते. तुमचा फड वर्षातून एकदा पेटतो.

हा आकडा मी सभांमध्ये सांगतो तेव्हा शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो, आणि मला लगेच पुढचं बोलावं लागतं. या ९५ किलोंत धूर आलेला नाही. धुरातली काजळी, बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड हे सगळं माणसाच्या छातीत जातं. आधी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आणि लहान पोराच्या, मग शेजारच्या गावाच्या, मग शहराच्या. उत्तर भारतातली काजळी हिमालयाच्या बर्फावर बसते आणि बर्फ लवकर वितळवते. शिवाय एक टन भाताच्या पेंढ्यात साधारण साडेपाच किलो नत्र असतं. पेटवल्यावर ते जवळजवळ सगळं उडून जातं, आणि मग आपण युरियाची गोणी विकत आणतो, जी बनवताना नैसर्गिक वायू खर्ची पडलेला असतो. तेव्हा जाळण्याला माझी कुठेही सूट नाही. फक्त हवामानाच्या खात्यात मोठा आकडा कुणाच्या नावावर आहे हे विचारलंत, तर तो डेपोच्या नावावर आहे.

डेपो आतून कसा असतो ते बघितल्याशिवाय हे पटत नाही. आम्ही दोन मीटरची लोखंडी सळई ढिगात ठोकतो, पंधरा मिनिटं ठेवतो आणि ओढून काढतो. वरचा हातभर भाग कोरडा, जरा कोमट. त्याच्याखाली सळई काळी, चिकट, हात लावला तर चटका बसेल इतकी तापलेली, आणि नाकाशी नेली की सडक्या अंड्याचा वास. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला स्वतःचा वास नसतो. पण जिथे हा वास आहे तिथे आत हवा नाही, आणि हवा नाही तिथे मिथेन तयार होतोच. पावसाळ्यात ढिगाच्या पायथ्याला काळं पाणी साचतं आणि त्यावर बुडबुडे येत राहतात, भात शिजताना येतात तसे. त्या बुडबुड्यांकडे बघून मला दरवेळी वाटतं, की हे कुणाच्या तरी घरच्या चुलीखाली जळायला हवं होतं.

उष्ण आणि पावसाळी आशियाची एक खास अडचण आहे, आणि युरोपातून सल्ला घेऊन येणाऱ्यांच्या ती ध्यानात येत नाही. थंड-दमट हवामानात अन्नाचा कचरा निम्मा कुजायला साधारण पावणेचार वर्षं लागतात. मुंबई, कोलंबो, मनिला, जकार्ता अशा ठिकाणी तेच काम पावणेदोन वर्षांत होतं. युरोपातली रीत अशी, की खड्डा भरत जायचा, भरला की वर जाड आवरण घालायचं, मग विहिरी खोदून गॅस ओढायचा. आपल्याकडे आवरण पडेपर्यंत अन्नातला बराचसा गॅस निघून गेलेला असतो. मी एका महापालिकेच्या बंद केलेल्या डेपोवर अशा गॅसविहिरींच्या मोजणीला गेलो होतो. कागदावर दहा वर्षं पुरेल एवढा गॅस होता, प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षी इंजिन धाप टाकायला लागलं. यंत्र चांगलं होतं, माणसंही प्रामाणिक होती. गॅस आधीच गेला होता.

हा गॅस माणसंही मारतो. इंडोनेशियात बांडुंगजवळ लेउविगाजाह इथे २१ फेब्रुवारी २००५ रोजी तीन दिवसांच्या पावसानंतर कचऱ्याचा डोंगर स्फोटासह कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसं गाडली गेली. मनिलाजवळ पायातासला जुलै २००० मध्ये, कोलंबोत मीथोतामुल्लाला एप्रिल २०१७ मध्ये, दिल्लीत गाझीपूरला त्याच वर्षी सप्टेंबरात असेच डोंगर घसरले. आपल्या देवनारची आग जानेवारी २०१६ मध्ये किती दिवस धुमसत होती ते मुंबईकरांना आठवत असेल. १९२७ पासून तिथे कचरा पडत आला आहे. अशा ढिगांत गॅस तयार होतो तो मुख्यतः अन्नासारख्या ओल्या कचऱ्यातून, हे बातम्यांत क्वचित येतं.

आणखी एक गोष्ट, जी अधिकाऱ्यांना सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. डेपो नीट दाबून, मातीने झाकून व्यवस्थित केला, पण गॅस ओढायची सोय केली नाही, तर मिथेन कमी होत नाही, वाढतो. वरच्या हिशेबात बेशिस्त खोल ढिगाला ८० टक्के धरलं होतं, व्यवस्थित झाकलेल्याला पूर्ण १०० टक्के धरतात. म्हणजे ४० ऐवजी ५० किलो. उंदीर, माश्या, आग, वास कमी होतात आणि ते महत्त्वाचंच आहे, पण हवामानाच्या दृष्टीने आपण झाकण घट्ट लावलेलं असतं.

जपानमध्ये फुकुओका विद्यापीठातल्या मंडळींनी १९७० च्या दशकात यावर साधा उपाय शोधला. कचऱ्याच्या तळाशी मोठे, भोकं पाडलेले पाइप टाकायचे आणि त्यांची तोंडं बाहेर उघडी ठेवायची. काळं पाणी त्यातून वाहून जातं. ढीग आतून गरम असल्यामुळे गरम हवा वर जाते आणि पाइपातून बाहेरची हवा आत ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही. मिथेन साधारण निम्म्यावर येतो. मलेशियासारख्या देशांनीही ही पद्धत घेतली. ज्या नगरपालिकेकडे बायोगॅसला पैसे नाहीत आणि डेपो बंद करायलाही जागा नाही, तिला मी हेच सुचवतो. हे पूर्ण उत्तर नव्हे, पण जिथे दुसरं काही होणारच नाही तिथे हे तरी होऊ शकतं.

पूर्ण उत्तराच्या सगळ्यात जवळ दक्षिण कोरिया गेला आहे. २००५ मध्ये त्यांनी अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी घातली. मग त्यातलं पाणी समुद्रात टाकणं सुरू होतं, तेही २०१३ पासून बंद केलं, आणि त्याच सुमारास घराघराला वजनावर पैसे आकारायला लागले. अपार्टमेंटच्या खाली डबा असतो, कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, टाकलेलं वजन त्या घराच्या खात्यात चढतं. आज तिथला नव्वद टक्क्यांहून जास्त अन्नकचरा पशुखाद्य, कंपोस्ट किंवा बायोगॅसमध्ये जातो. त्यांचीही अडचण आहेच. जेवण खारट, किमचीचं, त्यामुळे कंपोस्टात मीठ उतरतं आणि शेतकरी ते बिचकतच घेतात. आपल्याकडे लोणची-पापडांचं प्रमाण तेवढं नसलं, तरी हॉटेलच्या कचऱ्यात मीठ आणि तेल भरपूर असतं. त्याचं खत सलग एकाच शेतात घालू नका. शांघायने १ जुलै २०१९ पासून वर्गीकरण सक्तीचं केलं. जपान बहुतेक कचरा भट्टीत जाळतो, पण पाऊण भाग पाणी असलेला आपला ओला कचरा भट्टीत घालणं म्हणजे पाणी उकळायला इंधन खर्च करणं आहे. त्यावर मी अधिक बोलणार नाही.

आता शेताकडे येतो. इथे "जाळू नका, गाडा" हा सल्ला आशियाभर एकसारखा देणं ही मोठी चूक आहे.

पंजाब-हरियाणात भातानंतर गहू येतो. २००९ च्या कायद्याने भूजल वाचवण्यासाठी भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली, त्यामुळे कापणी उशिरा होते आणि गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. कम्बाइन हार्वेस्टर हातभर उंच ताटं आणि पेंढ्याच्या रांगा मागे सोडतो. मजूर नाही, वेळ नाही, काडेपेटी आहे. त्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवण्याआधी ते वेळापत्रक त्याने स्वतः आखलेलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. पण तिथे पेंढा जमिनीत मिसळला किंवा हॅपी सीडर यंत्राने तसाच पेंढ्यात गहू पेरला, तर जमिनीत पाणी साचलेलं नसतं, हवा खेळती असते, आणि मिथेनचा धोका जवळजवळ नसतो. तिथे "जाळू नका, गाडा" हे शंभर टक्के बरोबर.

आता मेकाँगच्या खोऱ्यात चला. वर्षाला दोन-तीन भातपिकं. एक कापलं की दोन-तीन आठवड्यांत शेतात पुन्हा पाणी. तिथे ताजा पेंढा चिखलात गाडला तर काय होतं त्याचा हिशेब बघा. सतत पाण्याखाली असलेलं, पेंढा न घातलेलं खाचर हेक्टरी दिवसाला सुमारे १.३ किलो मिथेन सोडतं. १२० दिवसांच्या पिकाला १५६ किलो. हेक्टरी पाच टन वाळलेला पेंढा पाणी भरण्याच्या तोंडावर गाडला, तर हा आकडा जवळपास २.९ पट होतो, साधारण ४५० किलो. तोच पेंढा लावणीच्या महिनाभर आधी गाडून जमिनीला हवा लागू दिली, तर १.७ पट, म्हणजे २६५ किलो. आणि आधी बाहेर कंपोस्ट करून घातला, तर १८० किलोच्या आत. पाच टन पेंढा जाळून तेरा-चौदा किलो मिथेन निघतो, आणि तोच ताजा गाडून जवळपास तीनशे किलो जादा. म्हणजे तिथे न जाळण्याच्या नादात पेंढ्यापायी निघणारा मिथेन वीसपटीने वाढवून बसणं शक्य आहे. चांगल्या हेतूने दिलेला सल्ला चुकीच्या शेतात गेला की असं होतं.

म्हणून व्हिएतनाममध्ये पेंढा शेताबाहेर काढण्यावर भर आहे. बेलरने गठ्ठे बांधायचे, होड्यांत भरून न्यायचे, त्यावर धिंगरी नव्हे तर पेंढ्यावरच वाढणाऱ्या भाताच्या अळंब्या घ्यायच्या, गुरांना घालायचा, उरलेलं कंपोस्ट करायचं. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांच्या सरकारने दहा लाख हेक्टरवर कमी उत्सर्जनाचा भात घ्यायची योजना मंजूर केली, त्यात पेंढा शेताबाहेर काढण्याला आणि पाणी आलटून-पालटून देण्याला जागा आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ही पाण्याची पद्धत पसरवली. भोकं पाडलेली एक नळी शेतात रोवायची, नळीतलं पाणी जमिनीखाली वीतभर गेलं की पुन्हा पाणी द्यायचं. मिथेन तिसरा हिस्सा ते निम्म्याने कमी होतो, आणि पाणीही वाचतं. आपल्या कोकणात पावसाच्या भरवशावर एकच भात, पेंढा गुरांना. तिथे हा प्रश्न मुळात छोटा आहे. राब भाजण्यावर, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळण्यावर, बोलणाऱ्यांनी आधी रत्नागिरीतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलच्या मागचा कचरा बघावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एवढं सगळं विल्हेवाटीबद्दल झालं. पण अन्न फेकलं जातं तेव्हा ते पिकवायला, वाहायला, थंड ठेवायला लागलेलं उत्सर्जनही फुकट गेलेलं असतं, आणि तो भाग बहुतेक वेळा विल्हेवाटीपेक्षा मोठा असतो. दोन्ही मिळून जगाच्या हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के वाटा वाया गेलेल्या अन्नाचा धरला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे, चीनमध्ये ७६ किलो. घरापर्यंत पोचण्याआधीचं नुकसान वेगळंच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अंदाजाने मध्य आणि दक्षिण आशियात कापणीनंतर आणि दुकानाआधी सुमारे पाचवा हिस्सा अन्न जातं. टोमॅटोचा भाव पडला की नारायणगावच्या रस्त्याकडेला ओतलेले क्रेट तुम्ही पाहिले असतील. कितीही चांगला बायोगॅस केला तरी त्या टोमॅटोला घातलेलं पाणी, खत आणि डिझेल परत मिळत नाही.

बायोगॅसबद्दल मात्र मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. इंदूरचा प्रकल्प बघा. १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा, त्यातून १७ टन गॅस अशी त्याची क्षमता. भागून बघा, टनाला ३१ किलो. डेपोत टनाला ४० किलो मिथेन सुटतो असं वर निघालं होतं. तोच हा गॅस. डेपोत तो आकाशात जातो, इंदुरात बसच्या टाकीत. इंदूरला हे जमलं कारण कचरा घरातच वेगळा होऊन येतो. यंत्राचा वाटा त्यानंतरचा.

याच्या उलट चित्रही मी जवळून पाहिलं आहे. एका नगरपालिकेच्या पाच टनी प्रकल्पावर मला बोलावलं होतं, "गॅस कमी येतोय" म्हणून. पंपाच्या पात्याला प्लास्टिकच्या पिशव्यांचा आणि चमच्यांचा नारळाएवढा गोळा बसला होता. लग्नसराई होती, कार्यालयांचा गोड भात, जिलबी, बासुंदी एकदम टाकीत गेली होती. टाकी आंबली. सामू (आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) साडेपाचवर आला होता. मिथेन करणारे जिवाणू साडेसहाच्या खाली नीट काम करत नाहीत. पण मला खरा धक्का बसला तो स्लरीच्या हौदाशी. टाकीतून अर्धवट कुजून बाहेर आलेली स्लरी उघड्या हौदात पडत होती आणि तिथे जोरात बुडबुडे येत होते. जो गॅस धरायला दोन कोटी खर्च झाले, तो हौदातून उडत होता. टाकीतल्या गॅसपैकी दहा टक्के जरी असा गळला, तरी साध्या कंपोस्टएवढंच मिथेन बाहेर पडतं. आम्ही तीन आठवडे टाकीत कचरा घालणं बंद ठेवून चुना आणि ताजं शेण घालून टाकी सावरली, हौदावर आवरण घातलं. पुढच्या वर्षी ठेकेदार बदलला आणि ते आवरण निघालं. आजही तिथून जाताना वाईट वाटतं.

महाराष्ट्राला या विषयाची परंपरा आहे, म्हणून जास्त वाटतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला आणि शेणाच्या गॅसचे प्रयोग केले. पुण्यात डॉ. आनंद कर्व्यांच्या आरती संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी २००२ मध्ये आणि खरकट्यावर चालणाऱ्या घरगुती बायोगॅससाठी २००६ मध्ये ब्रिटनमधला ॲश्डेन हा ऊर्जाविषयक पुरस्कार मिळाला. तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही टोकांवर, पाचट आणि खरकटं, एकाच संस्थेने काम केलं होतं.

आणि ही दोन टोकं एकमेकांना हवी आहेत. ओल्या कचऱ्यात कार्बन-नत्राचं प्रमाण वीसाच्या आसपास, पाचटात ऐंशी-शंभर. कुजायला सगळ्यात चांगलं पंचवीस ते तीस. शहरातला ढीग आंबतो, वास मारतो, आतून हवाबंद होतो, कारण त्यात कोरडं काही नसतं. तुमचं पाचट वर्षभर कुजत नाही, कारण त्यात नत्र आणि पाणी नसतं. पाचटाची कुट्टी आणि वेगळा केलेला ओला कचरा आकारमानाने निम्मा-निम्मा किंवा पाचट थोडं जास्त असे थर घातले, की तिसऱ्या दिवशी ढिगात हात घालवत नाही, ५५ ते ६५ अंश तापमान येतं. आठवड्याला एकदा पलटी, दोन महिन्यांत खत. तुमच्या तालुक्याच्या नगरपालिकेचा कंपोस्ट यार्ड असेल तर मुख्याधिकाऱ्यांना भेटून विचारा, की त्यांना गठ्ठे हवेत का. कचरा मात्र वेगळा केलेलाच घ्या. काच आणि प्लास्टिक आलं तर ट्रॉली परत पाठवा, संकोच करू नका.

ज्या फडाचं पाचट बाहेर न्यायचं नाही, तिथे ते सरीतच ठेवा. उसाच्या रानात पाणी साचून राहत नाही, त्यामुळे भातखाचराचा धोका इथे नाही. तोडणी झाली की बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटा, त्यावर बुरशीनाशक फवारा. पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकून ते पायाने दाबा, मग पाणी. पुढचं खत पहारीने भोक पाडून मुळाशी द्या. पाचटावर नुसत्याच फेकून ठेवलेल्या युरियातला बराच भाग उडून जातो आणि त्यातूनच नायट्रस ऑक्साइडही बनतो. तीन आठवड्यांनी पाचटाखालचा मूठभर भाग हातात घेऊन दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले, गोळा टिकला आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास आला, तर आत हवा आहे. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालंय, एक पाळी लांबवा.